केस किती ठेवायचे?

लग्नसराई संपली आणि पहिला पाऊस पडला, की आमच्या बेळगावात पार्लरवाल्यांकडे एक निराळीच गर्दी सुरू होते. कार्यात अंबाडा, खोपा घालता यावा म्हणून ज्यांनी केस राखलेले असतात, त्या एकदम कंटाळून कापायला येतात. त्यात आपल्याकडचा पाऊस! धुतलेले लांब केस दिवसभर वाळता वाळत नाहीत. शेपटा दमट, उशी दमट आणि डोक्याला तो ओलसर वास. मग "जाऊ दे, एकदाचे आखूडच करून टाकू" असं मनात येतं. मैत्रिणींनो, हा विचार मुळीच वाईट नाही. फक्त पावसाला वैतागून तो अमलात आणू नये, एवढंच. गेल्या काही आठवड्यांत तीन-चार जणींनी याच विषयावर लिहायला सांगितलं, म्हणून आज जरा सविस्तर.

आधी हिशेबाचं बोलू. "आखूड केस म्हणजे कटकट मिटली" हे अर्धंच खरं आहे. न्हाणं सोपं होतं, शाम्पू तिसरा हिस्सा लागतो, दहा मिनिटांत केस वाळतात, हे खरं. पण लांब केस एखाद्या दिवशी बिघडले, तर गाठ मारून मोकळं होता येतं. आखूड केस सकाळी उशीवरून उठताना उभे राहिले, की त्यांना बांधायची सोय नाही. शिवाय केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंतच्या वेणीला ते कळतही नाही, पण चार-पाच सेंटिमीटरच्या बॉयकटचा घाट तेवढ्यानं पार बदलतो. म्हणजे बॉयकट नीट ठेवायचा, तर पाच-सहा आठवड्यांनी कात्री लागणारच. बॉबकट दोन महिने काढतो. वर्षाचा खर्च आणि वेळ आधीच मोजून ठेवावा. आणि पसंत पडला नाही तर? बॉयकटपासून खांद्यापर्यंत यायला दोन-एक वर्षं धरा. मधले काही महिने ना धड आखूड, ना धड लांब असे जातात, तेव्हा टिकटॉक पिना आणि संयम, दोन्ही बाळगावे लागतात.

आता कुणाला कोणता कट? मासिकांतून एक कोष्टक नेहमी येतं, गोल चेहऱ्याला हे आणि चौकोनी चेहऱ्याला ते. माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही. टेप घेऊन चेहरा मोजल्यानं कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवा. केसांची कड जिथं संपते, तिथं बघणाऱ्याची नजर थांबते. हनुवटीशी संपली तर जबडा दिसतो, गालाच्या मध्यावर संपली तर गाल, मानेवर संपली तर मान. जे दाखवायला आवडेल तिथं कड आणायची. जे नको असेल, तिथून दोन बोटं वर किंवा दोन बोटं खाली. कपाळ रुंद असेल तर पुढं बटा आणाव्यात. १९६० सालच्या 'लव्ह इन सिमला'मध्ये दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाच्या रुंद कपाळावर ऑड्री हेपबर्नसारख्या बटा आणल्या, आणि मग घरोघरी आरशासमोर शिवणाच्या कात्रीनं 'साधना कट' होऊ लागले. मात्र जाड काडीचा चष्मा असेल, तर कपाळावरच्या बटा, चष्मा आणि त्यात मार्च-एप्रिलचा घाम, असा तिहेरी जाच होतो. चष्मेवाल्यांनी भांग बाजूला पाडून कपाळाचा थोडा भाग मोकळा ठेवावा. आणि हो, कापायला बसताना चष्मा बरोबर ठेवा. काडी कानावर बसते तिथले केस किती ठेवायचे, ते चष्मा लावूनच ठरतं. कानाला यंत्र असणाऱ्यांनाही हेच.

चेहऱ्यापेक्षा जास्त महत्त्व केसांच्या स्वभावाला आहे. सरळ आणि पातळ केस एका रेषेत कापले, की खालची कड भरीव दिसते आणि केस आहेत त्यापेक्षा दाट वाटतात. त्यांनाच चार थर दिले, तर टोकं विरळ होऊन नुसत्या झिपऱ्या. उलट दाट आणि लहरी केस एका रेषेत हनुवटीपर्यंत कापले, की खालून पसरतात आणि डोक्यावर उघडी छत्री! तिथं आतून थर काढून ओझं कमी करावं लागतं. कुरळ्या केसांची गोष्ट तर वेगळीच. ओले असताना ते लांब दिसतात आणि वाळले की आक्रसतात, कधी दोन बोटं, कधी चार. शेजारच्या एका मुलीचं बारावीनंतर असंच झालं. ओल्या केसांवर मोजून खांद्यापर्यंत कापले, घरी पोचेपर्यंत ते कानाशी! दोन दिवस पोर ओढणी घेऊन बसली होती. कुरळे केस असतील तर कात्री धरणारीला सांगावं, आधी जरा लांबच ठेव, वाळू दे, मग बघू.

आणि भोवरा विसरू नका. जावळ काढताना आज्या बाळाच्या डोक्यावरचे भोवरे मोजायच्या. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणत. लग्नाचं मला ठाऊक नाही, पण बॉयकटचं गणित भोवऱ्यावर नक्की ठरतं. तिथले केस फार आखूड केले, की शेंडीसारखे उभे राहतात. दीड-दोन इंच ठेवले, तर आपल्याच वजनानं बसतात. काहींना असाच भोवरा मानेवर किंवा कपाळाशी असतो. न्हाऊन ओले केस मोकळे सोडा आणि कुठल्या बाजूला वळतात ते आरशात बघून ठेवा.

हे झालं केसांचं. पण आपल्याकडे बाईनं केस कापायचे, तर कात्रीच्या आधी इतर पुष्कळ गोष्टी आड येतात. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं सांगते. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे, बरं का.

वय साठीच्या पुढं, मधुमेह जुना. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टर ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तोच. मधुमेह असणाऱ्यांत तो अधिक आढळतो आणि सुटायला वर्ष, दोन वर्षंही लागू शकतात. हात कानाच्या वर जाईना. ज्या बाईनं शाळकरी वयापासून स्वतःची वेणी स्वतः घातली, तिला डोक्यामागं फणी नेता येईना. सून चांगली आहे, पण तिला आठला घर सोडायचं असतं. डबे, मुलांची शाळा आणि त्यात सासूबाईंची वेणी. जाऊबाई मग "राहू दे गे आज" म्हणायच्या. दोन-दोन दिवस केस विंचरलेले नसायचे. हळूहळू त्यांचं भजनाला जाणं बंद झालं. कुणी आलं की आतल्या खोलीत जायच्या. विचारलं, तर "ह्या अवतारात कुठं बाहेर येऊ?"

केस कापायचं मी सुचवलं, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मला वाटलं, लोक काय म्हणतील याची काळजी असेल. मग हळूच म्हणाल्या, "मला आजीसारखं करू नका गे."

त्यांची आजी ऐन पंचविशीत विधवा झालेली. लाल आलवणाचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, ही त्यांची आजीची आठवण. मागच्या दारी न्हावी यायचा, तेव्हा मुलांना पुढच्या अंगणात पिटाळत. एकदा दुपारी आजी झोपलेली असताना पदर सरकला होता, आणि सात-आठ वर्षांच्या या मुलीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो खरखरीत स्पर्श त्यांना अजून आठवतो. जाऊबाईंचे यजमान जाऊन आता सहा वर्षं झाली. केस गेले, तर आरशात आपण कुणासारख्या दिसू, ही त्यांची भीती होती. त्यावर "आता कुठं तसलं काही राहिलंय?" असं म्हणून भागत नाही.

आजच्या मुलींना हे सांगून खरं वाटत नाही. ब्राह्मणांत आणि आणखी काही जातींत विधवेचं केशवपन ही रीतच होती. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधल्या यमूच्या वाट्याला तेच आलं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिक बांधवांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवून संप केला. वस्तरा ज्यांच्या हातात होता आणि ज्यांचं पोट त्यावर होतं, त्यांनीच तो खाली ठेवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तरीही रीत एका दिवसात गेली नाही. जाऊबाईंच्या आजीपर्यंत ती पोचलीच.

आणि आपल्याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट प्रकार आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या भक्तांत अशी समजूत, की बाईच्या केसांत जट झाली तर ती देवीची. तिला कात्री लावायची नाही. मुळात गुंता, मळ आणि न विंचरणं यांनी केस एकमेकांत घट्ट बसतात आणि जट होते. पण भीतीपोटी बायका वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवतात. मान दुखते, डोक्याला खाज, नीट न्हाता येत नाही. जट आली म्हणून मुलींना देवीला सोडल्याचंही आपल्या भागानं पाहिलं आहे. असं सोडण्याला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली. पलीकडे महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांच्या जटा काढल्या आहेत, त्या त्यांची समजूत घालून. ते समजूत घालणं मला कात्रीइतकंच महत्त्वाचं वाटतं. एका घरात जबरदस्तीनं कापायचे, दुसऱ्या घरात कापूच द्यायचे नाहीत. जिचं डोकं, तिला दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

म्हणून जाऊबाईंच्या बाबतीत आम्ही घाई केली नाही. आधी नुसता देखावा केला. केस सैल बांधून, टोकं आत दुमडून मानेशी काळ्या पिना लावल्या, की आखूड केस कसे दिसतील याचा बराच अंदाज येतो. कुणालाही घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. त्यांनी आरशात पाहिलं, काही बोलल्या नाहीत. आठवडाभर "बघू" चाललं होतं. मग एके सकाळी आपणहून म्हणाल्या, "मानेपर्यंत चालेल. पण मशीन लावायचं नाही." कापणाऱ्या मुलीला आम्ही आधीच सांगून ठेवलं, की ट्रिमर बॅगेतून बाहेर काढायचाच नाही, सगळं कात्रीनं. तिनंही कशाला म्हणून विचारलं नाही, याचं मला कौतुक वाटलं.

पहिल्या खेपेला केस हनुवटीच्या खाली बोटभर ठेवले. महिन्यानं त्याच म्हणाल्या, "अजून थोडे." आता मागं मानेवर बसतील एवढे, बाजूला कानामागं सारता येतील एवढे, आणि भांग त्यांच्या डाव्या हाताला सोयीचा पडेल तिथं. डाव्या हातानं चार वेळा फणी फिरवली की झालं, कुणाची वाट बघायला नको. भजनाला पुन्हा गेल्या, तेव्हा एकीनं विचारलंच, "हे काय गे नवीन?" तर म्हणाल्या, "खांदा म्हातारा झाला, म्हणून केस तरुण केले!"

कापलेली वेणी त्यांनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. कुणाला कर्करोगाच्या रुग्णांसाठी टोप करणाऱ्या संस्थेला द्यायची असेल, तर केस धुऊन पूर्ण वाळवून, वेणीला वर-खाली रबर लावून मगच कापावेत. साधारण बारा इंच लांबी मागतात. रंगवलेले केस सगळीकडे चालत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्यावं.

आता खुर्चीत बसल्यावर काय बोलायचं ते. "थोडे कापा" हे वाक्य विसरून जा. तुमचं थोडं आणि तिचं थोडं कधीच एक नसतं. किती कापायचे ते सांगू नका, किती ठेवायचे ते सांगा, आणि बोट लावून दाखवा: इथं कानाच्या पाळीशी, इथं मानेच्या खळीशी. फोटो न्यायचा तर आपल्यासारखे केस असलेल्या बाईचा न्यावा. सरळ रेशमी केसांच्या नटीचा फोटो नेऊन आपल्या कुरळ्या केसांवर तो कट मागितला, तर कापणारी बिचारी काय करणार? पुढून काढलेल्या फोटोबरोबर बाजूचा आणि पाठीमागचाही असेल तर उत्तम, कारण आखूड केसांची खरी कारागिरी मानेवर असते. आणि काय नको तेही सांगा. "कान उघडे नकोत", "मानेवर वस्तरा नको", हे सांगायला लाजू नये.

कट चांगला झाला की नाही, हे ड्रायर लावायच्या आधी कळतं. १९६० च्या दशकात लंडनमध्ये व्हिडाल ससून यांनी नाव कमावलं ते याच विचारावर. तोपर्यंत तिकडच्या बायका केसांना रोलर लावून, फवारे मारून घाट बसवत. त्यांनी केस असे कापायला सुरुवात केली, की धुऊन झटकले की आपोआप जागेवर पडावेत. तेव्हा कापून झाल्यावर मान डावी-उजवीकडे हलवा, केसांतून बोटं फिरवा. केस परत आपल्या जागी आले, तर घरीही येतील. नुसत्या ड्रायरनं आणि जेलनं उभा केलेला घाट दुसऱ्या दिवशी न्हाल्यावर राहत नाही.

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. अगदी आखूड बॉयकट हवा असेल, तर पुरुषांच्या सलूनमधल्या मुरलेल्या कारागिराचा हात बऱ्याचदा जास्त सफाईदार असतो. मानेवरचं आणि कानामागचं काम ते रोज करतात. आपल्याकडे बायका तिथं जायला संकोचतात. सकाळी गर्दी नसताना, घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जायला काय हरकत आहे?

घरी आल्यावर काय? टॉवेलनं खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा. ड्रायर असेल तर वीतभर लांब धरून आधी मुळं वाळवा, आणि ज्या बाजूला केस हवेत त्याच्या उलट दिशेनं. मग परत वळवले की डोक्यावर फुगीर दिसतात, चप्प बसत नाहीत. पातळ केसांच्या मैत्रिणींनी हे जरूर करावं. दाट केस असतील तर उलट करू नका, हवे तसेच दाबून वाळवा. खोबरेल सोडायची गरज नाही, पण ते न्हाण्याच्या आदल्या रात्री. दिवसा फक्त दोन थेंब तळहातावर चोळून टोकांना लावायचे. मुळांना लागलं, की आखूड केस लगेच तेलकट होऊन कपाळाला चिकटतात. आणि सकाळी उभे राहिलेले केस बसवायला रोज डोकं धुवावं लागत नाही. ओल्या हातानं मुळं भिजवायची आणि फणीनं जागेवर आणायची.

गजऱ्याचं काय, असं एकीनं काळजीनं विचारलं आहे. बॉबकटवर गजरा छान राहतो. कानामागं दोन काळ्या पिना फुलीसारख्या एकमेकींवर लावायच्या आणि त्यांत गजऱ्याचा दोरा अडकवायचा. लांब गजरा आखूड केसांवर ओघळतो, म्हणून अबोलीचा चार बोटं तुकडा पुरे. बॉयकट असेल तर एखादं सोनटक्क्याचं फूल कानाशी. नऊवारी नेसायची आणि खोपा हवाच असेल, तर हनुवटीपर्यंतच्या केसांना मागं गोळा करून गंगावन लावता येतं. मात्र त्याला रबरात येईल एवढी बोटभर शेंडी तरी हवी. बॉयकटवाल्यांनी त्या दिवशी केसांना वेठीला धरू नये, ठसठशीत कुड्या घालाव्यात. उघड्या मानेवर आणि कानांवर कुड्या जेवढ्या उठून दिसतात, तेवढ्या वेणीआड कधी दिसत नाहीत.

दुचाकीवरून जाणाऱ्यांनो, हेल्मेट टाळायला केसांचं निमित्त करू नका. केस पूर्ण वाळल्यावर, पातळ सुती रुमाल बांधून हेल्मेट घाला आणि उतरल्यावर मान खाली घालून बोटांनी मुळं मोकळी करा. भांग मात्र उतरल्यावरच पाडायचा.

आखूड केसांत पांढरे लवकर दिसतात, मग मेंदी लावावी की रंग, हाही प्रश्न दोघींनी पाठवला आहे. त्यावर पुढच्या वेळी बोलू.